हुकूम लागू केव्हा होतो आणि सुटतो केव्हा



व्याख्यानमालेत कायद्यावरचे व्याख्यान ठेवले की श्रोते जरा धास्तावतात. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, मी कलमांची जंत्री वाचणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे गाठोडे किंवा पत्र्याची पेटी असते. तीत मोडीतली वा उर्दूतली एखादी सनद, कुळाचा दाखला, फेरफाराची नक्कल, ग्रामपंचायतीची नोटीस, भूसंपादनाचा कागद असे काही ना काही पडून असते. त्या कागदांविषयी मला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. हा हुकूम कोणत्या क्षणी जिवंत झाला? आणि तो आज जिवंत आहे की मेला? हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत, आणि त्यांच्या उत्तरावर जमीन जाते किंवा राहते, नोकरी जाते किंवा राहते.

आपल्या भागापुरते पाहिले तर या प्रश्नाला एक खास रंग आहे. पाली, बीड, एकूण मराठवाडा यांनी एका पिढीच्या आयुष्यात चार अंमल पाहिले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा, त्यानंतर लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांचा, मग भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्याचा, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचा. आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा, म्हणजे खरे तर पाच झाले. सामान्य माणसाची समजूत अशी की राज्य बदलले म्हणजे जुने हुकूम गेले. रझाकारांच्या धामधुमीतून सुटलेल्या लोकांना तसे वाटणे स्वाभाविकही होते. पण कायद्याचे म्हणणे तसे नाही. राजा जातो, त्याचा हुकूम मागे राहतो. तो मोडण्याचा अधिकार ज्याला आहे तो जोपर्यंत मोडत नाही तोपर्यंत तो चालू. संविधानाच्या ३७२ व्या अनुच्छेदाने २६ जानेवारी १९५० पूर्वीचे कायदे, बदल होईपर्यंत, चालू ठेवले. राज्य पुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्याने सांगितले की मुलूख एका राज्यातून दुसऱ्यात गेला तरी त्या मुलखात जो कायदा चालू होता तोच पुढे चालेल. म्हणून तर पुण्याच्या कुळाला एक कायदा आणि बीडच्या कुळाला दुसरा, ही स्थिती राज्य एक झाल्यावरही टिकली. मुलूख आला तो आपले कायदे बरोबर घेऊन आला.

निजामाच्या फर्मानाची गोष्ट तर आणखी निराळी आहे. आज आपण कायदा वेगळा, सरकारी आदेश वेगळा, न्यायालयाचा निवाडा वेगळा असे मानतो. निजाम उस्मान अली खान यांच्या राज्यात हे तिन्ही एकाच लेखणीतून उतरू शकत. एका मोठ्या उमरावाच्या वारशाचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा १९५५ साली न्यायालयाने मानले की निजामाचे फर्मान हे सार्वभौमाच्या इच्छेचे प्रकटीकरण असल्याने ते कायद्यासारखेच बंधनकारक होते. इतकेच काय, आधीच्या कायद्यावरही ते मात करू शकत असे. याच तंट्यात १९५० साली हैदराबादच्या विधिमंडळाने त्या एका घराण्यापुरता कायदा केला होता. तो मात्र सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केला. गंमत पहा: अनियंत्रित राजाचे फर्मान टिकते आणि नंतरचा कायदा पडतो! पण त्यात विसंगती नाही. फर्मान निघाले तेव्हा निजामाच्या वर कोणी नव्हते. कायदा झाला तेव्हा त्याच्या वर संविधान बसलेले होते. हुकूम ज्या दिवशी जन्मला त्या दिवशीची कसोटी त्याला लावायची असते.

आता हुकूम जन्मतो कसा ते पाहू. साहेबाच्या मनात आले, म्हणजे हुकूम झाला नाही. साहेब तोंडाने बोलले, झाला नाही. फाईलवर शेरा मारला, सही केली, तरीही पुष्कळ वेळा झालेला नसतो. तो ज्याला लागू करायचा त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि सर्वांना लागू करायचा असेल तर सर्वांसमोर ठेवला गेला पाहिजे. जुन्या काळी गावात दवंडी पिटत, चावडीवर कागद लावत. हैदराबादेत जरीदा निघे, म्हणजे त्या राज्याचे राजपत्र. दवंडी ही निव्वळ रीत नव्हती, हुकुमाला जीव देणारी ती क्रिया होती.

या तत्त्वाचा सर्वांत सुंदर निवाडा १९५१ चा आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिवियन बोस हे नागपूरच्या न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले. जयपूर संस्थानात महाराज अज्ञान असताना कारभार पाहणाऱ्या मंत्रिमंडळाने १९२३ च्या डिसेंबरात अफूसंबंधी एक कायदा ठरावाने केला. केला खरा, पण राजपत्रात छापला नाही, कुठे जाहीर केला नाही. पुढे १९३८ साली त्यात कलम घातले की हा कायदा १ सप्टेंबर १९२४ पासून अंमलात आला. या कायद्याखाली परवानगीपेक्षा जास्त अफू बाळगली म्हणून एका इसमाला पन्नास रुपये दंड झाला. पन्नास रुपयांसाठी तो मनुष्य दिल्लीपर्यंत गेला, त्याच्या चिकाटीला नमस्कार केला पाहिजे. न्यायालयाने सांगितले की जो कायदा लोकांना कळण्याची कोणतीही सोय केली नाही, तो लोकांवर लादणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. बंद खोलीत केलेला ठराव हा कायदा नव्हे. आणि जे मुळात जन्मलेच नाही त्याला नंतर जन्मतारीख चिकटवून काय उपयोग? दंड रद्द झाला.

पण याची दुसरी बाजूही ऐका, नाहीतर गैरसमज होईल. छापले पाहिजे याचा अर्थ प्रत्येकाने वाचलेच पाहिजे असा नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात एक जर्मन गृहस्थ झुरिचहून मनिलाला विमानाने निघाला. अंगातल्या खास शिवलेल्या जाकिटात चौतीस किलो सोने. विमान मुंबईला सांताक्रूझ येथे थांबले. हा उतरलासुद्धा नाही. आपल्या देशात सोने आणण्याचा त्याचा विचार नव्हता, त्याला पुढे जायचे होते. परंतु रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरला एक अधिसूचना काढली होती की मुंबईवरून पुढे जाणारे सोनेसुद्धा विमानाच्या मालपत्रकात दाखविले पाहिजे. ती राजपत्रात छापली गेली २४ नोव्हेंबरला, आणि हा मुंबईत आला २८ ला. चार दिवस! झुरिचमध्ये बसलेल्या माणसाने आपले राजपत्र कोठे वाचावे? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बहुमताने उलट निर्णय दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. बहुमताने म्हटले की नेहमीच्या रीतीने राजपत्रात प्रसिद्ध झाले की ते लागू झाले, वैयक्तिक ज्ञानाची जरूर नाही. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढीच पुरे केली. मला स्वतःला या निकालात कायदा बरोबर वाटतो आणि त्या माणसाची थोडी कीवही येते.

म्हणजे सर्वांसाठीचा हुकूम राजपत्रात छापल्याने जिवंत होतो. एकट्यादुकट्यासाठीचा कसा होतो? त्यासाठी पंजाबातले एक उदाहरण सांगतो, कारण त्यात १ नोव्हेंबर १९५६ ही आपली ओळखीची तारीख आहे. पतियाळा संघ राज्यात जमिनीच्या एकत्रीकरण खात्यातील एका नोकराला दप्तरात फेरफार केल्याच्या आरोपावरून बडतर्फ केले. त्याने सरकारकडे अपील केले. महसूलमंत्र्यांनी फाईलवर लिहिले की आरोप गंभीर आहे, परंतु हा निर्वासित आहे, पोरेबाळे पुष्कळ आहेत, तेव्हा बडतर्फी न करता त्याला खालच्या कानुंगोच्या जागेवर घ्यावे. बिचाऱ्याने सुटकेचा श्वास टाकला असेल. पण तो शेरा हुकूम म्हणून बाहेर पडण्यापूर्वीच १ नोव्हेंबर उजाडला आणि ते राज्यच पंजाबात विलीन झाले. फाईल नव्या मुख्यमंत्र्यांपुढे गेली. त्यांनी १९५७ च्या मे महिन्यात बडतर्फी कायम केली. नोकर म्हणाला, एकदा माझ्या बाजूने हुकूम झालेला आहे, तो फिरवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांनी लिहिला. हे अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे चिरंजीव. त्यांनी दाखविले की मंत्र्याच्या मनातले मत कागदावर आले म्हणून तो राज्याचा हुकूम होत नाही. तो राज्यपालांच्या नावाने निघावा लागतो आणि संबंधिताला कळवावा लागतो. तोपर्यंत मंत्री आपले मत शंभरदा बदलू शकतात, आणि त्यांच्या जागी आलेलेही बदलू शकतात. तहसिलात एखादा कारकून कानात सांगतो, 'तुमचे काम झाले, साहेबांची सही झाली.' पेढे वाटण्यापूर्वी हा निकाल आठवा.

म्हणूनच आपल्या शासन निर्णयांच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' हे शब्द असतात. ते शोभेचे नाहीत. संविधानाच्या १६६ व्या अनुच्छेदाने सांगितलेली ती रीत आहे.

मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातही ही पायरी न ओळखल्याने घोटाळे झाले. औरंगाबादच्या नावाचेच घ्या. २९ जून २०२२ ला एका मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. सरकार बदलले. जुलैत नव्या मंत्रिमंडळाने तो विषय पुन्हा घेऊन नावाला 'छत्रपती' जोडले. तरी पाट्या बदलण्याचा अधिकार अजून कोणाला आलेला नव्हता. केंद्राची संमती २४ फेब्रुवारी २०२३ ला आली आणि शहराचे नाव बदलले. शहराचे, जिल्ह्याचे नव्हे! जिल्हा आणि महसुली विभाग यांच्यासाठी वेगळी अधिसूचना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निघाली. मधल्या काळात शहर एका नावाचे आणि जिल्हा दुसऱ्या नावाचा होता. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते मावत नाही, पण कायद्यात मावते.

याहून गंभीर उदाहरण विद्यापीठाच्या नामांतराचे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव म्हणजे सभागृहाची इच्छा. विद्यापीठ उभे असते कायद्यावर, आणि नाव त्या कायद्यात लिहिलेले असते. इच्छा आणि कायदा यांच्यामधली ती फट सोळा वर्षे उघडी राहिली. त्या फटीत घरे जळाली, माणसे मारली गेली, आपल्या मराठवाड्यातली खेडीच्या खेडी होरपळली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ ला. ठरावाला विरोध करणाऱ्यांनी तो झालाच नाही असे धरले, बाजूने असणाऱ्यांनी तो झालेला आहे असे धरले. कायदेशीर दृष्टीने दोघेही अर्धवट बरोबर होते. उशिराचा दोष मात्र कायद्यावर टाकता येणार नाही. कायद्यात एक शब्द बदलायला सोळा वर्षे लागत नाहीत.

जाता जाता एक खुलासा. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयापासून 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द आपल्याकडे घरोघर झाला. त्या वादात मी शिरत नाही. एवढेच सांगतो की गॅझेट आणि गॅझेटियर ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. गॅझेट म्हणजे राजपत्र, आपला जरीदा. त्यात हुकूम छापतात. गॅझेटियर म्हणजे मुलखाचे वर्णन: नद्या, पिके, जाती, बाजार. गॅझेटियर कोणाला काही हुकूम करीत नाही. ते पुरावा होऊ शकते. हुकूम करतो तो त्याचा आधार घेणारा शासन निर्णय.

आता कुळांकडे येतो, कारण या सभेत त्यांची नातवंडे बसलेली आहेत. हैदराबादचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० चा. त्यात पुढे '३८-ई' नावाचे कलम आले. सरकारने अधिसूचना काढून एखाद्या भागासाठी एक तारीख जाहीर करायची, आणि त्या तारखेला त्या भागातील संरक्षित कुळांकडे, कायद्याने ठरविलेल्या मर्यादेत, जमिनीची मालकी आपोआप जायची. जहागिरी अशाच एका तारखेला गेल्या होत्या. जहागिरी नष्ट करण्याचे विनियमन १३५८ फसलीचे, ते अंमलात आले १५ ऑगस्ट १९४९ ला. कुळांच्या बाबतीत पुष्कळांचा घोळ होतो तो दाखल्यावरून. मालकीचा दाखला कोणाला लगेच मिळाला, कोणाला वर्षांनी मिळाला, कोणाचा गहाळ झाला. लोक समजतात, दाखला मिळाला त्या दिवशी मालक झालो. न्यायालये सांगत आली आहेत की मालकी अधिसूचनेने आली, दाखला हा तिचा पुरावा. जन्म आणि जन्माचा दाखला यांत जो फरक तोच हा. अर्थात दाखला नसेल तर सिद्ध करताना घाम फुटतो, तेव्हा तो जपून ठेवायचाच.

फेरफाराचे याच्या उलट. फेरफार मंजूर झाला म्हणून कोणी मालक होत नाही. तलाठी नोंद घेतो, चावडीवर लावतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, असे १९६६ ची जमीन महसूल संहिता सांगते. पण मालकी येते खरेदीखताने, वारशाने, वाटणीने किंवा कायद्याने. भाऊ-भाऊ फेरफारावरून दहा दहा वर्षे भांडतात, आणि ज्या कागदाने काही दिले नाही त्या कागदासाठी जमीन विकून वकिलाची फी भरतात.

हुकूम मरतो कसा, हे आता पाहू. काही हुकूम आपले मरण बरोबर घेऊनच जन्मतात. जमावबंदीचा हुकूम पूर्वी १४४ कलमाखाली निघे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली निघतो. तो दोन महिन्यांनी आपोआप संपतो. राज्य सरकारने खास आदेशाने वाढविला तरच पुढे आणखी सहा महिन्यांपर्यंत चालतो. काही हुकूम काढणाराच मागे घेतो. मुंबईचा १९०४ चा सर्वसाधारण वाक्खंड कायदा आहे. त्याचे एकविसावे कलम म्हणते की ज्याला हुकूम काढण्याचा अधिकार त्याला तो बदलण्याचा व रद्द करण्याचाही अधिकार. मात्र रीत तीच हवी: अधिसूचनेने आलेले अधिसूचनेने जावे, साध्या पत्राने नव्हे. आणि ज्या अधिकाऱ्याने दोन पक्षांचे ऐकून निवाडा दिला, त्याला तो निवाडा सहज फिरवता येत नाही. पुनर्विलोकनाचा अधिकार कायद्याने दिला असेल तरच. नाहीतर निकालच लागला नसता, रोज नवा लागला असता.

मागे घेण्यालाही एक हद्द आहे, आणि ती धरणाच्या गावाला समजली पाहिजे. पालीच्या शिवारात बिंदुसरेचे धरण आहे. भूसंपादन म्हणजे काय हे इथे कोणी शिकवायला नको. जमिनीवर अधिसूचना पडली, पण ताबा गेलेला नाही, तोपर्यंत सरकारला संपादनातून माघार घेता येते. एकदा कायद्याप्रमाणे ताबा गेला आणि जमीन सरकारात निहित झाली, की अधिसूचना रद्द करून ती परत फिरत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली स्पष्ट केले, आणि भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानेही ताब्याचीच खूण ठेवली आहे. पुढाऱ्याने सभेत 'अधिसूचना रद्द करून घेऊ' म्हटले तर आधी विचारावे, ताबा केव्हा गेला?

शहरातल्या प्लॉटवाल्याचे उलटे आहे. विकास आराखड्यात एखाद्याच्या जागेवर बागेचे किंवा शाळेचे आरक्षण पडते. तो बांधू शकत नाही, विकू शकत नाही, आणि नगरपालिका घेतही नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याचे १२७ वे कलम म्हणते: आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षे थांबा, मग खरेदीची नोटीस द्या, आणि मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण गळून पडले. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, आणि २०१५ पासून चोवीस. हुकूम निष्क्रियतेने मरावा, हे न्याय्यच आहे. पण नोटीस दिली नाही तर तो मरत नाही, वीस वर्षे तसाच बसतो.

उरला तो सर्वांत धोक्याचा प्रकार: बेकायदा हुकूम. लोक म्हणतात, हा हुकूम बेकायदा आहे, अधिकार नसताना काढलाय, मी मानीत नाही, पेटीत टाकून दिला. हुकुमाच्या कपाळावर 'मी बेकायदा आहे' असे लिहिलेले नसते. खुद्द भारत सरकारने १९७० साली एका हुकुमाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढली. तो हुकूम बेकायदा ठरला, पण ठरला तो सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर. पंजाबातील बडतर्फ नोकरांच्या बाबतीत १९९१ साली निकाल झाला की हुकूम मुळातच शून्य असला तरी तसे ठरवून घेण्यासाठी तीन वर्षांच्या आत दाव्यात आले पाहिजे. मुदत गेली की बेकायदा हुकूमसुद्धा व्यवहारात कायदेशीर हुकुमाइतकाच चालतो. आपल्या महसुली अपिलाची मुदत तर त्याहून थोडी, जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याचा निर्णय असेल तर साठ दिवस, एरवी नव्वद. हे दिवस मोजायचे ते निर्णय आपल्या हाती आला त्या तारखेपासून, त्यावर छापलेल्या तारखेपासून नव्हे.

यावर काही हुशार मंडळी म्हणतात, मग हाती घ्यायचाच नाही! कोतवाल आला की मागच्या दाराने शेतात. ही युक्ती चालत नाही. नोटीस घ्यायला नकार दिला तर ती दाराला चिकटवता येते आणि ती बजावलीच असे धरतात. पंजाबच्या एका अधिकाऱ्याला निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केले, तो रजेवर गावी होता, तार त्याच्या हाती पुढे पडली. १९७० साली न्यायालय म्हणाले, सरकारच्या हातून तार सुटली तेव्हाच हुकूम लागू झाला. तेव्हा कोतवालाला ओट्यावर बसवा, पाणी द्या, कागद घ्या, आणि त्याच्या वहीवर सही करताना शेजारी त्या दिवसाची तारीख आपल्या हाताने लिहा. तो म्हणेल, तारीख आम्ही टाकतो. त्याला टाकू देऊ नका.